डबा रिकामा पाठव

६ जानेवारी
हडपसरला आले. खोली झकास आहे. ऊन येतं, नळाला दिवसभर पाणी, आणि कसब्यातल्यासारखी शेजारीण सारखी डोकावत नाही. मागची वही पोलिसांनी नेली ती नेलीच, म्हणून ही नवी. मागचं थोडक्यात लिहिते. खडकीच्या शेडमध्ये आमच्या कंपनीची कपाटाएवढी लोखंडी पेटी होती. आत ठेवलेली वस्तू नाहीशी होते, दुसऱ्या दिवशी परत येते. मधे कुठे जाते ते शिकलेल्यांनाही माहीत नाही. दिवाळीत वॉचमन पोपट आत शिरला, तो आलाच नाही. पळून गेला म्हणून फाईल मिटवली. पळणारा माणूस चप्पल पेटीसमोर सोडून पळतो का? आता तीच पेटी इथे आणली आहे. मला पुन्हा घेतलं, कारण झाडलोट चोख आणि तोंड बंद. निदान त्यांना तसं वाटतं.

ड्रायव्हर इम्तियाजही आलाय. त्याची बायको गेली, माझा नवरा गेला. ईदनंतर निकाह करू म्हणतो. आता तरी इम्तियाजभाई म्हणू नको म्हणाला. मी म्हटलं, मग काय काका म्हणू? हसला. हसताना बरा दिसतो. त्याला सांगणार नाही.

९ जानेवारी
काम सोपं. पेटीवर प्रयोग करणाऱ्या नम्रता मॅडम स्टीलच्या डब्यात यंत्र घालून पेटीत ठेवतात, परत आला की मी घासते. आज यंत्र बिघडलं. डबा तसाच पेटीत ठेवा म्हणाल्या. रिकामा डबा मी आजवर कुणाकडे पाठवला नाही. अम्मीने हात मोडले असते. चमचाभर साखर टाकली आणि दार लावलं.

१० जानेवारी
साखर नाही. डब्यात खाकी बटण. पोपटच्या शर्टाचं वरचं बटण मीच काळ्या दोऱ्याने शिवलं होतं. तोच दोरा.

पोपट जिवंत आहे.

मॅडमना दाखवलं. बाहेर बोलू नका म्हणाल्या. आणि पाठवत राहा.

१३ जानेवारी
भाकरी, वांग्याची भाजी पाठवली. दिवाळीपासून तिकडे काय खात असेल? चिठ्ठीही घातली, लवकर बाहेर ये म्हणून. चिठ्ठी कोरी परत आली. शाई तिकडे पोचतच नाही. सोबत त्याची शिट्टी. इम्तियाज म्हणाला, पोपट पडला वाशिमचा माणूस, तिकडे जाऊनसुद्धा डबा रिकामा देईना. दोघं हसलो.

१५ जानेवारी
केसांचा झुपका.

१६ जानेवारी
खीर पाठवली होती. नख आलं. अख्खं. मॅडमनी पिशवीत घालून लेबल लावलं.

१८ जानेवारी
दात.

त्याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलं नाही. मी जेवण पाठवते आणि तो, रिकामा कसा द्यायचा म्हणून —

नाही पाठवलं तर उपाशी मरेल. पाठवलं तर

१९ जानेवारी
इम्तियाज म्हणतो मी आत जातो, ओढून आणतो त्याला. मी म्हटलं, मरायची हौस होती तर निकाहचं कशाला बोललास? तर म्हणे, माझ्या बायकोला पोपटने खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. एकच सांगितलं. मी जेवण पाठवीन, तू डबा रिकामा पाठव. रीतभात गेली चुलीत. कबूल म्हणाला. मॅडमसमोर माझा हात धरला.

मॅडमनी त्याला अडवलं नाही.

२० जानेवारी
गेला. कमरेला दोर बांधून. मागोमाग दोघांचं जेवण पाठवलं.

२१ जानेवारी
दोर आला. गाठ तशीच, आत कुणी नाही.
डबा रिकामा. घासलेला. तो माझं ऐकतोय.

२२ जानेवारी
रिकामा.

२३ जानेवारी
रिकामा. ऐकतोय म्हणून रिकामा — की तिकडे आता कुणीच —

२४ जानेवारी
पेटी उद्या बंद करायची, वरून हुकूम. तो आत आहे म्हटलं. पेटीला पाठ लावून बसले आहे. हात लावून दाखवा म्हणावं.

२५ जानेवारी
डबा आला. जड.

मॅडम दारातूनच म्हणतात, उघडू नका.

इम्तियाज दिलेला शब्द मोडत नाही. म्हणजे हा त्याने भरला नाही. पोपटकडे तर काही — मग कुणी भरला —

गरम आहे. आतून काहीतरी हळूच टकटकतंय

झाकण काढते, तो असला तर