सगळ्यांनंतरचं पाणी

गुरुवार, ११ जानेवारी

खोटं! धादांत खोटं! मालिकेतली ती बावन्न वर्षांची मिचियो एक बॅग उचलते, नवऱ्याला "येते हं" म्हणते, आणि पुढच्याच प्रसंगात उन्हानं भरलेल्या घरात पडदे लावतेय. घर दिलं कुणी? जामीन कोण राहिलं? इथे जपानात, नीगाता शहरात नवरा जामीन नसला तर माझ्या वयाच्या बाईला कुणी खोली दाखवायलासुद्धा उठत नाही!

आणि ती अंघोळ! निघायच्या आदल्या संध्याकाळी ही बया सगळ्यांच्या आधी टबात उतरली — नवरा बाहेर निवांत पेपर वाचतोय! कुठल्या घरात चालतं हे? आमच्याकडे टब रोज एकदाच भरतो. त्याच पाण्यात आधी नवरा कुनिहिको, मग मुलगा तोमोया, मग मी. तोमोया बाहेर आला की कुनिहिको पाणी तापवायचं बटण बंद करतो — गॅस वाया जातो म्हणे! मला उरतं ते कोमट पाणी, वर दोघांचे केस. लग्न झाल्यापासून हेच.

मालिका लिहिणारा पुरुषच असणार.

शुक्रवार, १२ जानेवारी

माझ्या मैत्रिणीला, मुत्सुकोला, मालिका भयंकर आवडते. सकाळी तिच्या ओनिगिरीच्या दुकानात मदतीला गेले होते. भाताचे गोळे वळता वळता म्हणाली, "अगं चिझुरू, स्टेशनजवळ दुसरं दुकान काढतेय. ते तू सांभाळ. तुझ्याच हातात द्यायचंय."

"माझी काय थट्टा करतेस!" म्हटलं.

येताना बसमधून एक स्टॉप पुढे जाऊन उतरले. कुठे लक्ष होतं कोण जाणे.

गुरुवार, १८ जानेवारी

कुनिहिको रडला! संत्रं सोलता सोलता! मालिकेतला नवरा मिचियोला म्हणाला, "तुला काय जमणार?" — तर आमचे हे नाक पुसत म्हणतात, "बिचारी! काय नालायक माणूस आहे!"

वाटलं, हीच वेळ. दुकानाचं सांगून टाकलं.

टीव्हीवरची नजर न हलवता — "या वयात? लोक हसतील. आणि संध्याकाळी अंघोळीचं पाणी कोण काढणार?"

मी मुकाट्यानं संत्र्याची सालं उचलली. स्वतःचाच इतका राग आला!

रविवार, २१ जानेवारी

मला ते दुकान हवंय. खूप हवंय.

बुधवार, २४ जानेवारी

कमाल झाली! काल कुनिहिको मिठाईचा डबा घेऊन मुत्सुकोकडे गेला. मला न विचारता! कमरेत वाकून म्हणाला, "माझ्या बायकोच्या लहरीमुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. तिला जमायचं नाही." मी काय शेजाऱ्यांची काच फोडलेलं पोर आहे? माझ्या वतीनं माफी मागत फिरायला?

मुत्सुकोनं डबा घेतलाच नाही. मला म्हणाली, "त्यांचं उत्तर मला नकोय. तुझं काय ते उद्या सांग."

डबा घरी परत आला. बापलेक बसून खातायत. मला विचारलंसुद्धा नाही!

गुरुवार, २५ जानेवारी

सकाळी जाऊन मुत्सुकोला हो सांगून आले.

संध्याकाळी पाणी काढलं. बाहेरून हाक आली, "झालं का गं पाणी?"

"झालं," म्हटलं. "मी आत आहे."



पाणी इतकं गरम असतं! मला माहीतच नव्हतं.