ट्रॉलीवरून पडल्यानंतर

विंचूर, ४ मे २०२४

ती. सौ. सिंधुआक्कास,
धाकट्या गोरक्षचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन करू नकोस. फोन भागी ऐकते, म्हणून टपालानं लिहितोय. आक्का, माझी बायको पहिल्यासारखी राहिली नाही. माझ्या वरणात कसलीतरी पूड टाकते. मी डोळ्यांनी पाहिलं. डोकं ठणकतं, सकाळी उलटी होते. मला झोप लागली समजून दुपारी कडी लावून कुठंतरी जाते. विचारलं तर रडते. ते रडणं खोटं आहे. तू सख्खी बहीण, तुला नाही सांगणार तर कोणाला? भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, आणि हे पत्र वाचून जाळ.

तुझा गोरक्ष

सिन्नर, ८ मे

सौ. भागी हिस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. राग मानायचा तर मान. तुझा फोन तीन दिवस बंद लागतो, तोही का ते कळव. गोरक्षचं पत्र आलं. शाळेत ज्याच्या अक्षराचं गुरुजी कौतुक करायचे, त्याच्या ओळी पानावरून घसरत खाली गेल्यात. त्याच्या वरणात काय कालवतेस? दुपारी कुठं जातेस? माझ्या भावासाठी मीच तुला पसंत केली, म्हणून आधी तुला विचारते, पोलिसांना नंतर. उत्तर उलट टपाली हवं. लोभाचं पुढं पाहू.

सिंधु

विंचूर, १२ मे

ती. सौ. आक्कांच्या चरणी भागीचा नमस्कार. वि. वि.

विचारलंत ते बरं केलंत. हो, मी पूड टाकते. गावातल्या डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, त्या हे थुंकतात, म्हणून वाटून घालते. दुपारी त्याच डॉक्टरांकडं जाते. पित्त आहे म्हणतात. फोन ह्यांनी विहिरीत टाकला.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली. होळीनंतर कांद्याच्या बाजारात हे ट्रॉलीवरून मागच्या मागं पडले. डोकं सिमेंटवर आपटलं. लगेच उठले, लिलाव उरकून घरी आले. आक्काला सांगू नको, उगी घाबरंल, असं म्हणाले. महिनाभर काही नाय झालं. मग चालताना झोकांड्या जायला लागल्या. मला वाटलं, चोरून पितात. झोपेत तोंडाचा वास घेतला, खिसे तपासले. आक्का, मीही संशयच घेतला. आता डाव्या पायातली चप्पल निसटते ते त्यांना कळत नाय. बोलताना शब्द सापडत नाय.

माझ्यावर लय संशय घ्या, पण या, त्यांना नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्या. माझ्यासंगं ते जीपमध्ये बसायचे नाहीत. राग विसरून लोभ ठेवावा.

आपली भागी

नाशिक, १८ मे

चि. सौ. भागीस अनेक आशीर्वाद.

हे तुमच्या शेजारच्या दत्तूच्या हाती पाठवते. मी न्यायला आले त्या दिवशी गोरक्षनं तुला दारातच थांबवलं आणि माझ्यासोबत जीपमध्ये बसला, तेव्हा तुझ्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

इथं डोक्याचा स्कॅन काढला. पडल्या दिवसापासून कवटीच्या आत थोडं थोडं रक्त साकळत होतं, त्याचा दाब मेंदूवर आला होता. डॉक्टर म्हणाले, उलट्या, झोकांड्या, तुझ्यावरचा संशय, सगळं त्यातलंच. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता. कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. जगला गं.

काल नीट बोलला. डाव्या पायात जोर कमी आहे, तो व्यायामानं येईल म्हणतात. भागीला का नाही आणलं, म्हणून माझ्यावरच चिडला. मी त्याचं पत्र दाखवलं तर त्याला ओळखू येईना. हे मी लिहिलंच नाही, तूच कोणाकडून तरी लिहून घेतलंस, म्हणाला. मग पुन्हा वाचलं, आणि बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडला.

त्याच्या डोक्याला मार लागला होता. माझ्या डोक्याला काही झालं नव्हतं, भागी. तुला ते पत्र मी पूर्ण शुद्धीत लिहिलं.

उद्या दत्तूसोबतच निघ. तो दाराकडं बघत असतो. तुझ्या लोभावर आता माझा हक्क नाही, तरी मागते.

तुझी सिंधुआक्का