आठवा गडी

३ जानेवारी १९७५, शुक्रवार
आजपासून डोकं थंड ठेवायचं. नवीन वर्षाचा संकल्प. दोन दिवस उशीर झाला तरी चालतो. आमची वालूरची कबड्डी टीम गेल्या साली ताडकळसच्या सामन्यात दोन गुणांनी हरली ती सूर्यभानमुळे. अंगावर मांस म्हणून नाही. चढाईला जातो, कोणाला तरी शिवतो आणि चोरासारखा पळत येतो. पंडितच्या हॉटेलात मी हे अगदी शांतपणे सांगितलं. कप फुटला तो टेबल डुगडुगतं म्हणून.

६ जानेवारी
पंडित चहा गाळतागाळता म्हणतो, "अप्पाराव, मागल्या साली नऊ गुण त्यानंच आणले की." बापू मास्तर त्याच्याच बाजूने. मास्तरला काय कळतं! जन्मात कधी मैदानात उतरला नाही. मी बजावलं, टीममध्ये चेंज झालाच पाहिजे. सूर्यभान बाहेर, सिताराम आत. सिताराम माझा मेहुणा आहे आणि आमच्याच घरी राहतो, हा निव्वळ योगायोग. चेंज होईपर्यंत या हॉटेलात पाऊल ठेवणार नाही म्हणालो आणि उठलो.
सायंकाळी ५. पाऊल ठेवावं लागलं. चष्मा तिथेच राहिला होता.

९ जानेवारी
कॅप्टन बन्सीधरला घरी बोलावून तासभर समजावलं. शेवटी म्हणाला, "घ्या बाबा सितारामला, पण वरडू नका." ओरडत कोण होतं?
आता सितारामचं अंग कमवायचं. म्हशीचं दूध दोन वेळा, शेंगदाण्याचे लाडू, दुपारी हुरडा. बायको सुमंगला विचारते, चहाला दूध कुठून आणू? गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे आणि हिला चहा सुचतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सूर्यभान तिळगूळ घेऊन दारात. "काका, गोड गोड बोला." मी खिडकीतूनच सांगितलं, मी घरी नाही. पुडी खिडकीत ठेवून गेला. असल्या युक्त्यांना मी भुलत नसतो. पुडी कपाटात टाकली.

१५ जानेवारी
ताडकळसच्या यंदाच्या सामन्यांच्या प्रवेशाचा फॉर्म मीच भरला. ग्रामपंचायतीत कारकून आहे. माझ्यासारखं अक्षर गावात कोणाचं नाही. सात गडी आणि एक राखीव. राखीवमध्ये सूर्यभानला घाला, असं बन्सीधर म्हणाला होता. नाव लिहिताना डोकं तापलं. राखीव गडी कसा अनुभवी पाहिजे. निजामाच्या काळात शाळेत असताना मी हुतूतू खेळलेला आहे. सरळ स्वतःचं नाव घातलं. उतरायची वेळ येणार नाही, पण यादीत एक तरी भारदस्त नाव असावं.

१९ जानेवारी
बन्सीधर सकाळीच आला. म्हणे, "फॉर्मवर पंचावन किलोच्या आत असं लिव्हलंय. सितारामला एकदा आडतीच्या काट्यावर उभं करू." संताप झाला. काट्यावर ज्वारीची पोती चढवतात, माणसं नाही! हाकलून दिलं. हे सगळं त्या पंडितनं शिकवलेलं असणार.
सितारामच्या सदऱ्याचं बटण तुटलं. छाती भरायला लागली आहे.

२३ जानेवारी
दुसरं बटण. लाडू वाढवले.

२६ जानेवारी. परतीच्या एसटीत
अक्षर हलतंय.
मैदानाच्या कडेलाच आडतीचा काटा टांगलेला. एका पारड्यात गडी, दुसऱ्यात वजनं. आमचे सहा जण बसले आणि उठले. सिताराम बसला तसं पारडं जमिनीला टेकलं ते उठेना. साडेअठ्ठावन्न! वहाणा काढल्या, सदरा काढला, तरी तेवढंच. मी पंचांवर ओरडलो, काटा खोटा आहे. त्यांनी मलाच पारड्यात बसवलं. सेहेचाळीस. म्हणाले, "तुमी बसता की. नाव बी हाय फॉर्मवर. उतरा."
सूर्यभान दोरीबाहेर उभा होता. आपल्या गावाची टीम म्हणून पदरच्या पैशानं बघायला आलेला. बन्सीधर पंचांच्या पाया पडला, पण नाव नाही म्हणजे नाही. ते नाव लिहायचं काम माझं होतं.
पहिल्या चढाईत माझ्या तोंडून हुतूतू निघालं. शिट्टी. पंच म्हणाले, परत जा. दुसऱ्या चढाईत कबड्डी म्हटलं, तीनदा. चौथ्यांदा म्हणायच्या आत चार जण अंगावर. पाय मुरगळला. उरलेले सहा जण खेळले. तेवीस गुणांनी हरलो.
एसटी स्टँडपर्यंत सूर्यभानने मला पाठीवर नेलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावील. तो एवढंच म्हणाला, "काका, तुमचं वजन काईच न्हाई की." मागून सिताराम लाडू खात येत होता. मला फार लाज वाटली.

२७ जानेवारी
पायाला हळद. बन्सीधर सांगत आला, हॉटेलात सकाळपासून चर्चा चालू आहे, पुढच्या साली कोणता चेंज करायचा. पंडित, बापू मास्तर, सगळ्यांचं एकमत. दहा वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदा एकमत झालं, तेही मी नसताना. चेंज एकच. कोणाचा, ते मी विचारलं नाही.
यादी मात्र मीच लिहायची, अक्षर चांगलं म्हणून.
संक्रांतीची पुडी कपाटातून काढली. मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ली.
मग यादी लिहिली. पहिलं नाव सूर्यभान. सात नावं झाली. आठवी ओळ मोकळी सोडली. वर्षभर आहे, पाय तोवर बरा होईल. सुमंगलानं मागून वाचलं. माझ्या हातातला पेन घेतला, त्याला टोपण लावलं आणि कपाटात ठेवून दिला. हे पेन्सिलीनं लिहितोय.