सुनंदाच्या रांगोळीचा छापा

सोम., १० नोव्हें.
प्राचीला दवाखान्यात ठेवून घेतले. आठवा महिना, बीपी उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. पुढे विचारायचे धाडस झाले नाही. तिच्या आईच्या, सुनंदाच्या वेळीही डॉक्टर असेच म्हणाले होते... नको.
निघताना पोरगी म्हणाली, "बाबा, आईची ती वेलाची रांगोळी पाहिजे मले. बाळ घरी आणीन तेव्हा दारात तीच. पण तुमच्या हाताची नको, तुमचा गोल चौकोनी येते."
हसली. सुनंदाला जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून पहिल्यांदा. छापा कापून ठेवतो म्हटले.

मंगळ., ११
दोन गाड्यांचे नंबर रेडियममध्ये कापून दिले, मग कॉम्प्युटरवर सु.च्या रांगोळीची फाइल उघडली. तिने दुपारी दुकानात बसून माउसने काढलेली. एकच रेष, जिथून निघते तिथेच येऊन मिळते. दारात काढताना रेष मध्ये तुटली तर ती सगळी पुसायची, पुन्हा पहिल्यापासून. तुटकी दारात नको, एवढेच म्हणायची. का, ते मी कधी विचारले नाही.
पडद्यावर रेष जाड दिसते, पण मशीनचे पाते तिच्या मधोमध फिरते, नुसती चीर पडते. आधी रेषेचा आकार करावा लागतो. दोन्ही काठ वेगळे होतात, मधली पट्टी कापून निघते. रोजचे काम. आज माउसवर बोट ठेवून बसून राहिलो. एकदा केले की ती रेष उरत नाही, हात कुठून निघाला, कुठे वळला, काही कळत नाही. फाइलच्या दोन प्रती केल्या, एक पेनड्राइव्हवर. मग बटण दाबले.

बुध., १२
कापले. प्लास्टिक शीट उचलली आणि मधले सगळे तुकडे खाली पडले. बंद आकार, कशाला धरून राहतील? वीस वर्षे हाच धंदा, आणि मध्ये जोड, तुकडे धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या बारीक पट्ट्या, ठेवायचे विसरलो. हातात नुसती बाहेरची चौकट.
थोड्या वेळाने जावयाचा, नीलेशचा फोन. बीपी पुन्हा चढले.
याचा त्याचा संबंध नाही. माहीत आहे. तुकडे वेचून डब्यात ठेवले, फेकवेनात.

शुक्र., १४
ताई राहायला आली. टेबलावरची शीट पाहून म्हणाली, "वरीस झालं नाई सुनंदाले, अन् रांगोळी करून राह्यला? काऊन रे?"
प्राचीने मागितली म्हटले. हातातली पिशवी खाली ठेवली. मग, "मंग कर. पण असं तोंड करून नको करू, मशीन भिऊन बंद पडंन."
जोड ठेवायचे म्हणजे तेवढ्या ठिकाणी रेष तोडायची. मोजले. बावीस. ताईला सांगितले नाही.
संध्याकाळी दवाखान्यात प्राचीने विचारले, झाला का छापा? झाला म्हटले. खोटे.

रवि., १६
उद्या नऊला ऑपरेशन. बाळाचे ठोके मधून मधून कमी होतात म्हणे. नीलेशने सही केली.
आज दुकान बंद ठेवून जोड टाकले, एकेक. प्रत्येक ठिकाणी मनात सु.ची माफी मागितली. कापले. एकही तुकडा पडला नाही.

सोम., १७, सकाळी
रांगोळी म्हणजे बाळ घरी येईल तेव्हाची गोष्ट, पण उद्यावर टाकवेना. सहालाच दारात छापा ठेवून रांगोळी भुरभुरली, उचलला. वेल हुबेहूब तिचा. जोडांच्या जागी बावीस फटी. चिमटीने जोडायला बसलो. सतरा झाल्या.
नीलेशचा फोन. "बाबा, आत्ताच नेऊन राह्यले तिले. निघा." नऊची वेळ होती ना, आधी का, विचारेपर्यंत फोन ठेवला त्याने.
ऑटोची वाट पाहत हे लिहितो आहे. पानावर पांढरी बोटे उमटतात.
पाच फटी राहिल्या. ताई म्हणते, "तू जा, मी हावो इथं." नको म्हटले, हात लावू नको, मीच येऊन...
ऑटो आला. रांगोळी उंबरठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. ही तुटकी रेष ओलांडूनच जावे लागेल.