चार नळ्या, तोंड पुढे

३ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. भाऊजी शेडमध्ये स्वतः विमान बांधतायत. त्याचं इंजिन मोटारीतून काढलेलं, रोटरी. पिस्टन नाहीत, आत दोन तिकोनी रोटर गरगरतात. हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड इतका उंच की विमानाचं इंजिनावरचं झाकण लागत नाही. तो कापून बुटका करायचं काम माझ्याकडे. अठरा दिवसांनी विमान तपासायला सरकारी तपासनीस येणार. मला बारा पुरेत. मॅनिफोल्ड बसला की तू भागीदार, असं भाऊजी ताईसमोर म्हणाले. ताईनं मान हलवली. उभी की आडवी, ते नीट दिसलं नाही.

५ मार्च
इंजिन स्टँडवर आहे. मापं तीनदा घेतली. मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांचं तोंड पुढे, म्हणजे इंजिनाचे फिरते पट्टे असतात त्या बाजूला. हवा समोरून थेट आत. मोटारीत पुढची बाजू तीच. शाळा नववीत सुटली, डोकं नाही.

८ मार्च
वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, फार चौकशा करतो. इंजिन विमानात कोणत्या बाजूनं बसणार रे, म्हणे. याला कशाला एवढी पंचाईत? बसेल तसं बसेल, तू टाके मार, असं सुनावलं. तो म्हणाला, राजे, तुमचंच राज्य. टोमणा असावा. यापुढे कामावर चादर.

११ मार्च
भाऊजी चादर वर करायला आले. पूर्ण झाल्यावरच दाखवेन, असं नम्रपणे सांगितलं. नवरी आहे का ती, म्हणाले. ठिणगी खो खो हसला. दोघे एकत्र हसतात तेव्हा काहीतरी शिजत असतं.

१५ मार्च
बारा दिवस झाले. उशीर माझ्यामुळे नाही. कानस बोथट निघाली.

१६ मार्च
मी शेडमध्ये शिरताच दोघांची कुजबुज बंद. एकदम ढगांवर बोलू लागले. ताईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, दाखवून टाक की एकदा, त्यांचा जीव कशाला टांगून ठेवतोस? म्हणजे तीही फितूर.

१९ मार्च, दुपारी ४
चादर काढली. दोघे खाली वाकले. मला तो आदर वाटला. मग ठिणगीनं खडूनं जमिनीवर विमान काढलं. प्रोपेलर लागतो गिअरबॉक्सच्या टोकाला. म्हणून विमानात इंजिन उलटं बसतं. मोटारीतलं पुढे ते इथे मागे. माझ्या चारही नळ्यांचं तोंड वैमानिकाच्या पायांकडे. ठिणगी म्हणाला, भाऊजी, चप्पल सांभाळा, इंजिन ओढून घेईल.
हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं!
भाऊजींनी कपाटातून दुसरा मॅनिफोल्ड काढला. तयार, घासलेला. अकरा तारखेपासून दोघे करत होते. झाकण लागलंसुद्धा. माझ्या पाठीमागे! मी लपवलं ते निदान सर्वांसमोर, चादर घालून.

२१ मार्च
तपासनीस आले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. मॅनिफोल्ड कुणी केला, विचारलं. भाऊजींनी ठिणगीचं नाव सांगितलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते अर्जाकडे.
साक्षीदाराची एक सही कमी पडत होती. मी केली. तपासनीस म्हणाले, अक्षर सुरेख आहे.
अर्जात भागीदाराचा रकाना नव्हता. मी दोन्ही बाजू पाहिल्या.