मंजूसाठी बंद ठेवलेले माग

वडगाव, बेळगाव
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. स्व. आक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे तम्मण्णाचा, तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्षात माझी कंबर आता गुडघ्यांच्या वरच अडकते, पण पत्रात वाकायला काय जातंय.) तुझा गुडघा कसा आहे? निपाणीच्या त्या वैद्याचं तेल लावतेस, की बाटली फळीवर ठेवून गुडघ्यालाच शिव्या देतेस? दाजींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. मी जिवंत आहे हे मुद्दाम लिहितो, कारण मध्यंतरी गल्लीत त्यावरून गैरसमज झाला होता. ते पुढे सांगतो.

पत्र बघून तू चष्मा शोधशील आणि म्हणशील, ह्याला फोन काय महाग झाला? आक्का, फोन मी रोज करतो. तो वाजतो आणि वाजून वाजून थांबतो. सौरवच्या फोनवरून केला, सूनबाईंच्या फोनवरून केला, शेवटी समोरच्या किराणा दुकानातून केला. तो तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. तेव्हा जे मधेच ठेवता येत नाही असं काहीतरी करावं म्हणून हा कागद घेतला. (मधेच फाडता येतो, हे खरं. पण लग्नपत्रिकासुद्धा तू खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत वाचतेस, त्यामुळे मी निश्चिंत आहे.)

तर मंजूचं. हॉस्पिटलमधून मी तुला फोनवर सांगायचो की ताप आहे, उतरेल. ते निम्मंच खरं होतं. ताप मेंदूपर्यंत गेला होता. आपली मंजुश्री, चार वर्षांची पोर, जिच्या तोंडाला सकाळी उठल्यापासून विसावा म्हणून माहीत नाही, ती डोळे अर्धे उघडे ठेवून पडून होती आणि कोणाला ओळखत नव्हती. सौरव, पोरीचा बाप, एवढा दांडगा गडी, काचेच्या दाराला नाक लावून उभा असायचा. तिच्या आईनं, रूपालीनं, तर स्वतःची वेणीसुद्धा घातली नव्हती. तुझी भावजय मनुबाई भिंतीला टेकून बसून असायची आणि चहा घेतलास का विचारलं तर तिला आठवायचं नाही. आणि मी भ्यालो होतो, आक्का. लई भ्यालो होतो. नर्सनं माझं नाव विचारलं तर मी मंजूचं सांगितलं. मग एका सकाळी ताप उतरला, पोरीनं रूपालीचं बोट धरलं आणि आम्ही चौघंही एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून रडलो.

घरी सोडताना डॉक्टर त्यांच्या कानडीत एवढंच म्हणाले, "स्वल्प दिवस गलाटी ब्याड." म्हणजे थोडे दिवस गडबड-गोंगाट नको. साधं वाक्य होतं. पण घाबरलेल्या माणसांच्या हातात साधं वाक्य साधं राहत नाही. रिक्षात बसेपर्यंत त्याचा कायदा झाला आणि वडगावात पोचेपर्यंत रूपालीनं त्याला कलमं जोडली. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, म्हणून मनुबाई डाळ पातेल्यात शिजवू लागली आणि डाळ शिजेपर्यंत आम्ही उपाशी. तिच्या बांगड्यांना चिंधी गुंडाळली. मला खोकला आला तर मी चप्पल घालून रस्त्यावर जाऊन खोकून परत यायचं. (परत येईपर्यंत दुसरी उबळ यायची. त्या दिवसांत माझं चालणं बरंच झालं.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे चारही माग बंद. आमचेच नव्हे, भिंतीपलीकडच्या जोतिबानं त्याच्या भिंतीलगतचे दोन माग कोणी न सांगता बंद केले. मी हात जोडायला गेलो तर म्हणाला, "तुझी नात काय, माझी नात काय? जा रं घरला."

आता आक्का, तू आणि मी मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं. आपल्याकडे 'मीठ दे' एवढं सांगायचं तरी आवाज सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या वर चढवावा लागतो. कुजबुजायचं कसं हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. सौरव कुजबुजला की खिडकीवरचं कबूतर उडतं. म्हणून शेवटी बोलणंच बंद केलं आणि खुणांवर आलो. कोणीही तोंड उघडलं की बाकीचे तिघं ओठांवर बोट ठेवायचे. मनुबाईनं एकदा दोन्ही हात हवेत थापटून मला काहीतरी विचारलं. ती 'भाकरी थापू का' म्हणत होती. मला वाटलं, मारीन म्हणतेय. मी माझं काय चुकलं असेल ह्याचा विचार करत मागच्या दारी जाऊन बसलो आणि त्या दिवशी थंड भाकरी खाल्ली.

ह्याच काळात तुझा फोन आला, की मी येते. तुझ्या आवाजाचा मला लहानपणापासून अभिमान आहे. तू माहेरी येतेस तेव्हा कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी बोलतेस, आणि इकडे आपल्या चुलीवर चहाचं आधण चढतं, वेगळी वर्दी लागत नाही. म्हणून मी एवढंच म्हटलं की आक्का, इतक्यात येऊ नकोस, पोरीला तुझा आवाज सोसायचा नाही. काळजीनं म्हटलं. पण फोनवर काळजी ऐकू येत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो, असं दिसतंय.

आता माझ्या मरणाची हकीकत. आपल्या गल्लीत भर दिवसा माग दोनच कारणांनी थांबतात. एक, करंट गेल्यावर. दोन, घरातलं कोणी गेल्यावर. त्या दिवशी करंट तर सगळीकडे होता. त्यात उचगावहून रूपालीच्या माहेरची आठ-दहा माणसं पोरीला बघायला आलेली, शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. रूपालीनं त्यांना दारातच ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि बाहेर कट्ट्यावर बसवलं. ती बिचारी खाली माना घालून गप्प बसली. दारात चपलांचा ढीग. ज्यानं बघितलं त्यानं हिशेब केला, की ह्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण? थोड्या वेळात जोतिबाची बायको डोळ्याला पदर लावून आली. तिच्या मागून मागच्या गल्लीतले दोघं आले, त्यांच्यातल्या एकाच्या हातात चक्क हार. मी आत मंजूसाठी नाचणीचं आंबील गार करत होतो. बाहेरून हुंदका ऐकला आणि तसाच वाटी घेऊन दारात आलो. जोतिबाची बायको मला बघून जी किंचाळणार होती, तिच्या तोंडावर मनुबाईनं हात दाबला. आक्का, माझा राग तुला ठाऊक आहे. मला त्या हारवाल्याला चार शब्द सुनवायचे होते. पण मंजू आत झोपली होती. 'मी जिवंत आहे' हे मला कुजबुजत सांगावं लागलं, आणि माझ्या कुजबुजण्यावर कोणाचा विश्वास बसेना. हारवाला जाताना म्हणाला, आणलाच आहे तर देवाला घाला. घातला.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नव्हतं. मंजू खाऊ लागली, उठून बसू लागली, भिंत धरून चालू लागली, गालांवर परत रंग आला, पण बोलत नव्हती. एक शब्दही नाही. भूक लागली की पोटावर हात ठेवायची, पाणी हवं असलं की अंगठा तोंडाकडे न्यायची. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे. मग वाटलं, रुसली असेल. मग कोणालाच काही वाटेना, कारण जे वाटत होतं ते कोणी म्हणायला तयार नव्हतं. तापानं पोरीची वाचा नेली, हे चौघांच्याही मनात होतं. परत डॉक्टरांकडे नेलं. कान तपासले, चांगले. घसा चांगला. डॉक्टर म्हणाले, बोलेल, धीर धरा. धीर धरा म्हणजे आम्ही काय केलं? अजून गप्प झालो. आम्हाला वाटलं, शांतता कमी पडतेय. सौरव रात्री अंथरुणावर पालथा पडून रडायचा, तेही उशीत तोंड खुपसून, आवाज नको म्हणून.

नंदगडच्या एका घरच्या लग्नाच्या साड्या मागावर अर्ध्या राहिल्या होत्या आणि त्यांचा माणूस येऊन बसला. शेवटी रूपालीनं एक माग चालवायची परवानगी दिली, दार लावून आणि मंजू मागच्या खोलीत असताना. सौरवनं बटण दाबलं. इतक्या दिवसांनी तो खडखडाट ऐकला आणि मला खरंच बरं वाटलं. थोड्या वेळानं सूत तुटायला लागलं, तसा मी सवयीनं ओरडलो, "धोटा बघ रं, धोटा!" तो पलीकडून ओरडला, "बघालोय की!" मी म्हटलं, "काय बघालास, डोंबल?" आमचं असं झकास जुंपलं असताना दार ढकललं गेलं आणि मंजू आत आली. तिनं सौरवकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चालत्या मागाकडे. आणि छाती भरून श्वास घेऊन त्या आवाजाच्या वर ओरडली, "आज्जा, आता बोललं तर चालतंय व्हय?"

आक्का, पोरीची वाचा गेली नव्हती. ती आमचं ऐकत होती. हॉस्पिटलमध्ये तिच्या खाटेसमोर भिंतीवर चित्र होतं, ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सबाईचं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं ते बघितलं. घरी आली तर आई, बाप, आजी, आजा, सगळ्यांची बोटं ओठांवर. तिनं ठरवलं, बरं व्हायचं असेल तर बोलायचं नाही. चार वर्षांच्या पोरीनं तेवढे दिवस जीभ आवरली, जी आपल्या घराण्यात अजून कोणाला आवरलेली नाही.

मी 'चालतंय' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मंजूनं ते बघितलं, तिला वाटलं अजून बंदीच आहे. तिनं समजूतदारपणे ओठांवर बोट ठेवलं आणि जायला वळली. तेव्हा सौरव चालता माग सोडून धावला, मी त्याच्या मागे, आणि दोघं मिळून असे ओरडलो, "चालतंय गं! लई चालतंय! बोल!", की जोतिबा भिंतीपलीकडून धावत आला, ह्या खेपेला नक्कीच कोणीतरी गेलं म्हणून. रूपाली रडतही होती आणि त्याच दमात आमच्यावर ओरडतही होती, की पोरीला घाबरवताय कशाला. मनुबाईनं बांगड्यांच्या चिंध्या सोडल्या आणि त्या दिवशी कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा सगळे बघत बसले.

तर असं सगळं गोड झालं. तुला काळजी नको म्हणून कळवलं. तू मुद्दाम यावंस असं काही नाही, बसचा त्रास, गुडघ्याचा त्रास. दाजींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा ऐकण्यातला भाऊ (हसू नकोस),
तम्मण्णा

ता. क. वर सगळं गोड झालं असं लिहिलंय, ते थोडं घाईनं लिहिलंय. मंजू बोलते, पण माग चालू असतानाच. माग थांबला की ओठांवर बोट. माग चालू असताना परवानगी मिळाली, म्हणजे तेवढ्यापुरतीच मिळाली असं तिनं धरलंय. आम्ही समजावतो, पण आम्हीच तिला गप्प केलेलं, आमच्यावर ती कशाला विश्वास ठेवेल? येत्या मंगळवारी लाईनचं काम आहे, दिवसभर करंट नाही. म्हणजे दिवसभर पोर मुकी. तिला कोणीतरी माग बंद असताना पोटभर बोलणारं माणूस दाखवायला हवं. असं माणूस आपल्या नात्यात एकच आहे. सौरव सोमवारी गाडी घेऊन निपाणीला येईल. तू नुसती बस, आणि इकडे आल्यावर अजिबात हळू बोलू नकोस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात करंट गेला. माग थांबले. मंजू माझ्याशेजारी बसली होती. मी तिच्या बोटाकडे बघितलं, आता ओठांवर जाईल म्हणून. पण ती मोठ्यानं म्हणाली, "आज्जा, कुणाला लिवालास?" आक्का, माग बंद होते! मी आपलं काहीच न झाल्यासारखं सांगितलं, तुझ्या निपाणीच्या आजीला. म्हणाली, फोन कर की. म्हटलं, ती बोलत न्हाय. त्यावर तिनं विचारलं, "कुणी सांगितलंय तिला, बोलू नको म्हणून?"

मी पोरीला उत्तर दिलं नाही. तुला देतो. मीच सांगितलं होतं.

तेव्हा मंगळवारचं निमित्त आता उरलं नाही, तरी सौरव सोमवारी येतोयच. त्याआधी पत्र मिळालं तर फोन कर. तोंडभर शिव्या दिल्यास तरी चालेल, फक्त आधी मंजूला लांब पाठवायला मला मिनिटभर दे. ती आता ऐकलेलं सगळं गल्लीभर मोठ्यानं सांगत सुटते.