तुझा न निघालेला फोटो

याडी, माझे आई, त्या गोऱ्या साहेबाचं पुस्तक परवा माझ्या हाती आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, जगभरातल्या दुर्गम माणसांचं. बर्फातली माणसं, बेटांवरची माणसं, आणि त्यांच्या मध्येच पोहरादेवीजवळचा आपला तांडा. खाली छापलंय, ‘जगापासून तुटलेले लोक’. ज्यांच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा देश पालथा घातला, ते तुटलेले! साहेब जीपमधून सडकेनं आला होता. ती सडक एकाही फोटोत नाही. तांड्याचा मुखिया, आपला नायक, त्याची सायकलसुद्धा त्यानं आधी झोपडीमागं न्यायला लावली होती, म्हणजे आपण आणखी थोडे दुर्गम झालो.

पन्नास सालानंतरच्या त्या हिवाळ्यातली ती सकाळ आहे. फोटो निघणार म्हणून तू ओढणी धुऊन घेतलीयस. मी तुझा घागरा धरून उभी. तुझा चेहरा साहेबाच्या मनात भरतो, पण दंड मोकळे आणि केसांत घुगरी नाही, हे त्याला खटकतं. बापू गेले तेव्हाच तू दंडातला चूडा आणि घुगरी, सवाष्णीची ही लेणी उतरवलीस, हे त्याला कोण सांगणार? दुभाषा म्हणून आलेला कारंज्याचा कारकून तुला म्हणतो, “बाई, कोनाचा तरी चूडा घाला ना घडीभर. साहेब लय दुरून आला.”

“माझा मानूस त्याच्याहून दूर गेला. त्याले घेऊन ये, मंग घालतो.”

“अवं, फोटोच तर काढून राह्यला तो! खरं थोडीच हाय?”

“खोटंच पाह्यजे, तं मी कायले पाह्यजे?”

नायकीण आपला ठेवणीतला चूडा घेऊन आली. नायक म्हणाला, “घाल ना वं, तांड्याचं नाव होईन.” तू तो चूडा तिच्याच हातात परत दिलास. “अशीच काढ म्हना त्याले. नाई तं राह्यलं.” कारकून इंग्रजीत बरंच काही बोलला, साहेब हसला आणि पुढच्या झोपडीकडं वळला. बाई लाजते, असंच त्यानं सांगितलं असणार. मला आजही तोच संशय आहे. तू मात्र ओढणी सारखी करून बराच वेळ तिथंच उभी राहिलीस. तो परत आला नाही.

हा किस्सा मी सभांमध्ये सांगते. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांवरही माझा विश्वास नाही. वाजवणाऱ्यांतले निम्मे माझ्या दंडावर चूडा शोधत असतात.

पुस्तकात सगळा तांडा आहे, तू नाहीस. घरात तुझा एकही फोटो नाही. तुझा आवाज आठवतो, चेहरा आता आठवत नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. कारण तुझ्या त्या नकाराचा जन्मभर अभिमान मिरवूनही एखाद्या दिवशी मनात येतंच, याडी, घडीभर घातला असतास तर.